खांब सरळ करण्याआधी बुडाशी ओल आहे का पाहा

वाचकाचं पत्र

आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. वस्ती जुनी आहे, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांच्या पेट्या एकत्र असा प्रकार इथे नाही. प्रत्येक घरासमोर रस्त्याच्या कडेला आपापला मेलबॉक्स आहे. आमचा लाकडी खांबावर आहे, वर पत्र्याची पेटी. मागच्या ऑगस्टमध्ये धुळीचं मोठं वादळ झालं, तेव्हा तो रस्त्याच्या बाजूला थोडा कलला. आम्ही बुडाशी दगड लावून ठेवला. आता तो चांगलाच झुकलाय. पेटीचं दार नीट लागत नाही, लाल झेंडी (‘टपाल न्यायचं आहे’ हे पोस्टमनला दाखवणारी) तुटली आहे आणि मागच्या आठवड्यात पोस्टमनने चिठ्ठी ठेवली : दुरुस्ती केली नाही तर टपाल टाकणं थांबवावं लागेल. नवरा म्हणतो, हा खांब काढून लोखंडी पाइप आणू आणि काँक्रीट ओतून एकदाचं पक्कं करू. सासरे एप्रिलमध्ये बार्शीहून आलेत, वय ७१. त्यांचं म्हणणं, ‘खांब चांगला आहे, मला फक्त एक पहार आणून द्या.’ मातीकामात त्यांचा हात बसलेला आहे. दोन वर्षांपूर्वी मी मेलबॉक्सभोवती लँटाना लावला, तो बघून ‘घाणेरी विकत आणलीस?’ म्हणून ते अजून हसतात. पण जूनच्या या उन्हात त्यांनी खड्डा खणावा का? आणि नवऱ्याचं ऐकू की सासऱ्यांचं?

(नाव न छापण्याची विनंती)

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी थांबलो तो त्या घाणेरीपाशी. तुम्ही ते वाक्य गमतीने लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या मेलबॉक्सचं दुखणं तिथेच आहे. लँटाना लावला म्हणजे त्याला ठिबकची नळी दिली असणार. ठिबक म्हणजे खांबाच्या बुडाशी दोन वर्षं रोज थोडं थोडं पाणी.

वादळाला दोष देण्याआधी एक करा. संध्याकाळी गल्लीत फेरी मारा आणि शेजाऱ्यांचे मेलबॉक्स बघा. ते वारं सगळ्यांवरून गेलं होतं. कलले आहेत किती? दोन-चार कलले असतील, तर त्यांच्या बुडाशीही झुडूप, फुलझाड किंवा गळकी नळी आहे का तेही बघा. मी ॲरिझोनातच, टूसॉनला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. या काळात गल्लीतल्या आणि ओळखीच्यांच्या घरच्या अशा खांबांना मी हात लावलाय. वाऱ्याने शेवटचा धक्का दिलेला असतो हे खरं, पण त्याआधी पाण्याने जमीन सैल केलेली असते.

इथली माती समजून घ्यायला तुम्हाला घरात शिक्षक मिळाला आहे. बार्शीकडची काळी माती सासऱ्यांना ठाऊक असेल : पाणी लागलं की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपल्या इथल्या दरीतल्या मातीचं बऱ्याच ठिकाणी उलटं असतं. ती डोंगरातून वाहून आलेल्या गाळाची. कण एकमेकांना जेमतेम चिकटलेले, मधे बारीक पोकळ्या. कोरडी असते तोवर दगडासारखी कडक, फावडं आपटलं तर टणकन आवाज येतो. पाणी मुरलं की कणांमधला चिकटा सुटतो, पोकळ्या मिटतात आणि जमीन खाली बसते. तुमच्या शेजारच्या फिनिक्सच्या आसपास वर्षाला सरासरी सात-साडेसात इंच पाऊस पडतो. तेवढ्यावर ही माती वर्षानुवर्षं तशीच राहते. आपण बागेला पाणी देतो तिथेच ती खचते, आणि खचते ती एकाच अंगाने, कारण ड्रिपर एकाच अंगाला असतो. खांब त्या अंगाला झुकतो.

याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खांबापासून चार बोटं सोडून चारही बाजूंना जमिनीत दाबा. कोरड्या बाजूला तो इंचभर जाऊन अडेल. ओल्या बाजूला मुठीपर्यंत जात असेल, तर कारण सापडलं. मग तोच स्क्रूड्रायव्हर खांबाच्या लाकडात टोचा, जमिनीच्या पातळीला आणि थोडी माती उकरून तिच्या खाली तीन-चार इंचांपर्यंत. हे महत्त्वाचं. वरचं लाकूड उन्हाने राखाडी पडलेलं असेल, उभ्या भेगाही असतील. त्यांनी घाबरून जाऊ नका, ते उन्हाचं आणि सुकण्याचं काम आहे, खांबाची ताकद त्याने फारशी जात नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि इथल्या हवेत ती तिला मिळत नाही. जमिनीच्या पातळीला मात्र ठिबकने आपण ती रोज पुरवतो. म्हणून वाळवंटातला खांब वरून वीस वर्षं टिकेल असा दिसतो आणि खाली भुसा झालेला असतो.

त्याच जागी वाळवीही बघा. वाळवंटात वाळवी नसते असं पुष्कळांना वाटतं. सोनोरन वाळवंटात ती चांगली फोफावलेली आहे, जमिनीतून येते आणि लाकडावर मातीच्या काडीएवढ्या बारीक नळ्या करत चढते. खांबावर अशा नळ्या दिसल्या तर तो खांब काढून टाका, आणि घराच्या भिंतीच्या बुडाशीही एकदा नजर फिरवा.

स्क्रूड्रायव्हर लाकडात रुतला नाही, नळ्या नाहीत, तर सासरे बरोबर आहेत : खांब चांगला आहे, त्याला फक्त नीट उभा करायचा आहे. रुतला, तर जमिनीत पुरण्यासाठी प्रक्रिया केलेलं चार बाय चारचं नवीन लाकूड आणा. (दुकानात चार बाय चार म्हणतात, पट्टी लावली तर ते साडेतीन इंच भरतं; मोजमापात ते धरा.) विकत घेताना त्यावरची चिठ्ठी वाचा, कारण काही लाकूड जमिनीच्या वर वापरण्यापुरतंच असतं.

आता लोखंडी पाइप आणि काँक्रीट. तुमच्या यजमानांना हे एकदाचं संपवायचं आहे, ते मला समजतं. तरी मी त्यांना आग्रहाने सांगेन, हे करू नका. रस्त्याच्या कडेचा मेलबॉक्स गाडी आदळली तर वाकावा किंवा मोडून पडावा, अशीच अपेक्षा असते. रात्री कुणाची डुलकी लागली, एखाद्या नवशिक्या मुलाचा चाकावरचा ताबा सुटला, तर त्या जीवाच्या समोर तुमचा खांब येतो. अमेरिकेच्या टपाल खात्याची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे : चार इंची लाकडी खांब किंवा दोन इंच व्यासाचा साधा पोलादी वा ॲल्युमिनियमचा पाइप, आणि तो २४ इंचांपेक्षा खोल पुरू नये. जाड लोखंडी नळ, काँक्रीटचे खांब, काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन, असले न झुकणारे आधार त्यांना नको आहेत. महामार्ग अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतही, धडक-चाचणीत सुरक्षित ठरलेली रचना नसेल तर मेलबॉक्सचा खांब काँक्रीटमध्ये बसवू नये, असं आहे. दोन इंची साधा पाइप चालतो, पण मग तो काँक्रीटशिवाय बसवा. गोल पाइप पेटीसकट स्वतःभोवती फिरतो, हीही त्याची एक खोड आहे. मी लाकूडच निवडेन.

दुसरं कारण माझ्या अनुभवाचं. इथे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी जुलैत मी माझा खांब काँक्रीटमध्ये बसवला. सकाळी नऊला सुरुवात केली, खड्ड्याच्या भिंती सुक्या ठणठणीत होत्या, त्यांनी काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतलं, वरून ऊन होतंच. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला केसासारख्या भेगा होत्या. तेही चाललं असतं. पण मी ठिबक हलवली नव्हती. दोन पावसाळ्यांनी तो सगळा गोळाच, खांबासकट, तिरका झाला. मग तो दीडशे-पावणेदोनशे पौंडांचा दगड जमिनीतून काढायला मला आणि शेजाऱ्याला दोन दिवस लागले. तेव्हापासून मी मेलबॉक्सला काँक्रीट वापरलेलं नाही. धुम्मस (माती-खडी ठोकून बसवायचं जड हत्यार) मारून बसवलेली खडी वापरतो, आणि ते खांब अजून उभे आहेत.

कामाचा क्रम सांगतो.

आज संध्याकाळी त्या भागातले ड्रिपर बंद करा. जूनमध्ये लँटानाचं पाणी तोडलं तर झाडं होरपळतील, म्हणून तोडू नका, हलवा : खांबाजवळचं भोक बुच लावून बंद करायचं आणि बारीक नळी झाडांच्या पलीकडच्या अंगाला न्यायची, खांबापासून निदान तीन फूट लांब. मोठं झालेलं लँटानाचं झुडूप तेवढ्या लांबून पाणी ओढतं. हे काम सासऱ्यांवर सोपवा. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ठिबक समजावून सांगायची गरज पडू नये. नळी चालू करून सांधे गळतात का तेही त्यांना बघू द्या; उंदरांनी किंवा सशांनी कुरतडलेली नळी इथे नेहमी सापडते. झाडं उपटून दुसरीकडे लावायची असतील तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

उद्या सकाळी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करा. खणण्यापूर्वी फोन करणं ॲरिझोनात कायद्याने बंधनकारक आहे, निदान दोन पूर्ण कामाचे दिवस आधी, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. लोक येऊन जमिनीवर रंग मारून जातात : लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, जांभळा पुनर्वापराचं पाणी. मेलबॉक्स ज्या पट्टीत असतो तिथूनच या सगळ्या वाहिन्या जातात. ‘जुनाच खड्डा आहे, कशाला फोन’ असं घरात कुणी म्हणेल. जुना खड्डा खणल्यानंतरही तिथून नवीन इंटरनेटची केबल गेलेली असू शकते. तुमच्या स्वतःच्या ठिबकच्या आणि अंगणातल्या दिव्याच्या तारा मात्र ते दाखवत नाहीत, त्या तुम्हाला आठवाव्या लागतील.

त्या दोन दिवसांत पोस्टात जाऊन या. ती चिठ्ठी मनाला लावून घेऊ नका. टपाल खातं दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मेलबॉक्स सुधारणेचा आठवडा पाळतं आणि त्या सुमारास अशा चिठ्ठ्या वाटल्या जातात. पोस्टमन दिवसाला शेकडो पेट्यांसमोर गाडी थांबवतो, उजव्या बाजूच्या सीटवरून न उतरता हात लांब करतो. तुमच्या पेटीसमोर त्याला दर वेळी वाकून, दार ओढून टपाल कोंबावं लागतं. त्याला सांगा की आठवड्याभरात होतंय. कामाच्या दिवसांपुरतं टपाल पोस्टातच थांबवून ठेवण्याची सोय आहे, ३ ते ३० दिवसांसाठी. जागा बदलायची असेल तर त्यांना आधी विचारायचं. वस्तीची एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर खांबाचा आणि पेटीचा रंग, आकार यांचे नियम त्यांच्याकडून लेखी मागवा. आहे तसंच सरळ करायचं असेल तर सहसा अडचण येत नाही.

मापं लिहून ठेवा, कारण चूक इथेच होते. रस्त्याच्या पृष्ठभागापासून पेटीच्या तळापर्यंत ४१ ते ४५ इंच. मोजायचं रस्त्यापासून, तुमच्या मातीच्या पट्टीपासून नाही. कर्बची (रस्त्याच्या कडेच्या उंच काठाची) उंची मधे येते आणि त्याने सगळं चुकतं. कर्बच्या कडेपासून पेटीच्या दारापर्यंत ६ ते ८ इंच. म्हणजे खांब त्यापेक्षा मागे आणि पेटी पुढे आलेली. जुना खड्डा या मापात बसत असेल तर तोच वापरा.

आता खणणं, आणि तुमचा खरा प्रश्न. फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या खाली उतरला नव्हता, कमाल तापमानाबद्दल बोलतोय. बार्शीच्या माणसाला ४३ नवीन नाही, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. गावाकडे त्या उन्हाची एक शिस्त असते : पहाटे रानात जायचं, अकराच्या आत घरी यायचं, दुपारी सावलीला पडायचं. इथे एसीच्या घरातून माणूस दहा वाजता बाहेर पडतो आणि त्याला वाटतं, फार काही नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो, अंगाला ओल लागतच नाही. घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायलं जात नाही. त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल, विशेषतः लघवीवाटे पाणी काढणारी, तर हे काम करण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचाराच.

तरीही मी त्यांना ‘तुम्ही बसा’ म्हणणार नाही. एप्रिलपासून ते परक्या घरी... नाही, मुलाच्याच घरी आहेत, पण जिथे गाडी चालवता येत नाही, चालत जाऊन गाठावं असं दुकान नाही, अशा ठिकाणी दिवस काढताहेत. पहार मागितली त्याचा अर्थ मला एवढाच लागतो की त्यांना या घरासाठी हाताने काहीतरी करायचं आहे. ते करू द्या. फक्त वाटणी करा. पहार आणि फावडं मुलाच्या हातात. ओळंबा, पाणसळ आणि ‘थांब, अजून दोन सूत घराकडे’ हे सांगण्याचा अधिकार सासऱ्यांच्या हातात. खांबाच्या कामात खरं कौशल्य सासऱ्यांच्या या वाटणीतच आहे, आणि यजमानांनाही ते कळू द्या.

वेळ पहाटे पाचची. जूनमध्ये सूर्य सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान उगवतो, ॲरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे उजेड लवकर मिळतो. आठ वाजता हत्यारं खाली ठेवायची, काम कितीही उरलेलं असो. दोन सकाळी धरा : पहिल्या दिवशी काढणं, दुसऱ्या दिवशी बसवणं. पाण्याबरोबर मीठ-साखर-लिंबू असू द्या. पहार आणि पत्र्याची पेटी उन्हात ठेवू नका, नऊनंतर हाताला चटका बसतो. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ यातलं काही दिसलं तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला; गोंधळलेला माणूस असेल तर थांबून बघू नका, ९११ लावा.

पेटीला हात लावण्याआधी जाड हातमोजे घाला. पेटीखालच्या फळीच्या सांदीत ब्लॅक विडो कोळीण राहते, तिचं जाळं विस्कटलेलं आणि चिवट असतं, ओढलं तर करकर वाजतं. आदल्या रात्री टॉर्चने खालून बघा. बुडाशी लावलेला तो दगडही हाताने उचलू नका, पहारीने उलटा. दगडाखाली विंचू असणं इथे अगदी साधी गोष्ट आहे, आणि इथला बार्क विंचू लहान दिसला तरी त्याचा डंख मोठा असतो. अतिनील टॉर्च असेल तर त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. नातवंडं असतील तर त्यांना त्या सकाळी लांबच ठेवा.

पेटी काढली, की खांब आजूबाजूला हलवून सैल करा आणि उपटा. खाली जुना काँक्रीटचा गोळा असेल तर एका बाजूने खणून तो आडवा करा, सरळ वर उचलायचा प्रयत्न करू नका, कंबर जाईल. खड्डा साफ करताना पांढरट, कडक थर लागू शकतो. त्याला इथे कॅलिची म्हणतात. सासऱ्यांना दाखवा, ते लगेच ओळखतील : चुनखडी. काळ्या मातीखाली लागतात त्याच चुन्याच्या खड्यांचा हा भाऊ, इथे मात्र तो कधी कधी सिमेंटसारखा सलग बसलेला असतो. भाड्याचं मशीन त्यावर नुसतं गरगर फिरतं आणि हिसका देतं, पहारच लागते. हा थर पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे ठिबकचं पाणी परातीत साठावं तसं त्यावर साठतं आणि खांबाचं बूड त्यात भिजत राहतं. थर पातळ असेल तर त्याला मधोमध आरपार भोक पाडा. जाड असेल तर फोडत बसू नका. २० इंचांवर घट्ट चुनखडी लागली तर तिथेच थांबा, तिच्यावर चांगला पाया मिळतो, मात्र मग ड्रिपर लांब नेणं आणखी गरजेचं.

भरायला गोल खडे नकोत, ते एकमेकांवरून घसरतात. फोडलेली, कोनदार खडी हवी, बारीक भुकटीसकट. इथे अंगणात पसरायला फोडलेला ग्रॅनाइट मिळतो, त्यातला पाव इंचाखालचा, भुकटी असलेला घ्या. दहा-बारा इंच रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्याला दीड घनफुटाच्या आसपास लागेल. तळाला चार इंच मोठी खडी टाका म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी थांबणार नाही. खांब उभा करा, दोन बाजूंनी तिरके टेकू द्या. मग चार-चार इंचांचे थर. प्रत्येक थर किंचित ओला करायचा : मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. त्यावर धुम्मस. धुम्मस नसेल तर चार बाय चारचा तुकडा उभा धरून मारा. आवाज भदभद येतो तोवर मारायचं. टणक आवाज यायला लागला की तो थर झाला. प्रत्येक थरानंतर पाणसळ खांबाच्या दोन लगतच्या अंगांना लावा, एकाच अंगाला लावून भागत नाही. इथे घाई केली की सगळं वाया. शेवटचा थर खांबापासून बाहेर उतरता ठेवा, पाणी खांबाकडे येण्याऐवजी लांब जावं म्हणून.

पेटीचं सांगतो. पत्रा शाबूत असेल तर दार आणि झेंडी यांसाठी नवीन पेटी घ्यायला नको. दार लागत नाही ते बहुतेक पेटी पिळली गेल्यामुळे; सरळ उभी केली की अर्धं दुखणं जातं. बिजागरीची भोकं मोठी झाली असतील तर एक नंबर जाड, न गंजणारा स्क्रू वॉशरसकट लावा. तेल घालू नका, धुळीचा चिखल होऊन बसतो; कोरडं सिलिकॉन किंवा ग्रॅफाइट चालतं. झेंडी सुटी मिळते, ती दारासमोर उभं राहिल्यावर उजव्या हाताच्या बाजूला लावायची. घराचा नंबर निदान एक इंच उंचीचा. रंग द्यायचा असेल आणि एचओएची हरकत नसेल तर फिका द्या. काळी पेटी जुलैत आतून भट्टी होते, आणि सासऱ्यांची औषधं टपालाने येत असतील तर ती तीन तास त्या भट्टीत राहणं बरं नाही. औषधं ज्या दिवशी येणार असतील त्या दिवशी लवकर काढून घ्या. पेटी बदलायचीच ठरली तर प्लास्टिकची घेऊ नका, इथल्या उन्हात ती काही वर्षांत ठिसूळ होते. पोस्टमास्टर जनरलच्या मान्यतेचा शिक्का बघा. कुलूपवाली हवी असेल तर तिची फट निदान पावणेदोन इंच उंच आणि दहा इंच रुंद असायला हवी. आणि साधी बोगद्यासारखी घुमटाकार पेटी दिसली तर तिला कमी लेखू नका. १९१५ साली रॉय जोरोलेमन नावाच्या टपाल खात्यातल्या अभियंत्याने ती आखली आणि शंभर वर्षांनंतरही तिच्याइतकी सरळ, बिनतक्रार पेटी मला दुसरी भेटलेली नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या : इथला मान्सून १५ जूनपासून धरतात, तो ३० सप्टेंबरपर्यंत. म्हणजे तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. पहिलं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणसळ लावा, दोन्ही अंगांना, आणि त्याच स्क्रूड्रायव्हरने चारही बाजूंची जमीन टोचून बघा. कडेने माती खाली बसलेली दिसली तर तेवढ्या जागी खडी टाकून धुम्मस मारायची, खांब उपटावा लागणार नाही. दोन पावसांनंतर काही हललं नाही, तर ते टेकू काढायचा निर्णय सासऱ्यांना घेऊ द्या.